तीस मीटरची थाप

सकाळचे साडेपाच. सुलतानपूरला मामाच्या अंगणात मी डावा हात आकाशाकडे करून उभी आहे. पायात झकास रनिंग शूज, डोक्यावर पोनी, चेहऱ्यावर थेट ऑलिंपिकवाला निर्धार. फक्त पळत नाहीये. कारण घड्याळ म्हणतंय, 'थांबा. उपग्रह शोधत आहे.'

चुलीपुढून मामी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"काहून व पोरी, कोणाले बलावून राह्यली?"

"उपग्रहाला."

"मंग येते का तो?"

"येतोय म्हणतंय. पाच मिनिटं झाली."

"आपल्या एसटीसारखंच हाय म्हन की," असं म्हणून मामीने तव्यावरची भाकरी उलटवली आणि विषय संपवला.

तर मंडळी, ही माझी आणि माझ्या फिटनेस वॉचची कहाणी. हसायला परवानगी आहे. मीही हसतेच, पण शेवटच्या भागात थोडं जपून.

मनगटावरची हेडमास्तरीण

आधी ओळख. मी पुण्यात फ्रीलान्स पत्रकार आहे. फ्रीलान्स म्हणजे नेमकं काय, हे मामीला समजावण्यात माझ्या तीन दिवाळ्या गेल्या. दिवसभर लॅपटॉप, रात्री डेडलाइन, मधे वडापाव. सत्ताविसाव्या वर्षी दोन मजले चढून धाप लागली, तेव्हा ठरवलं, बॉस, आता पळायचं! टेकडीवर जाणारा एक ग्रुप पकडला, हाफ मॅरेथॉनचं स्वप्न बघितलं आणि पहिल्याच महिन्यात बावीस हजारांचं घड्याळ घेतलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. हप्ते अजून चालू आहेत.

दुकानात वाटलं होतं, चला, एक पर्सनल कोच मिळाला. घरी आल्यावर कळलं, हेडमास्तरीण आली आहे. सकाळी डोळे उघडले की पहिला शेरा, 'झोप : खराब.' अहो बाई, मला माहितीये की! मीच झोपले होते ना! बरं, छान गाढ झोप लागलेल्या दिवशीही शेरा 'खराब'च असला की आपल्यालाच शंका येते. उगाचच जांभया येतात. एका महत्त्वाच्या मुलाखतीत समोरचे गृहस्थ वडिलांच्या आठवणीने भरून आले होते आणि नेमक्या त्या क्षणी माझं मनगट थरथरलं, 'उठा! थोडी हालचाल करा!' ते गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "तुम्हाला निघायचंय का?"

पळताना तर विचारूच नका. एकदा माझं हृदय मिनिटाला १७८ ठोके मारतंय असं दिसलं. मी घाबरून फूटपाथवर बसले. नंतर कळलं, १७८ ही माझ्या पावलांची गती होती. या घड्याळांच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीत उजेड टाकतो आणि रक्ताच्या लाटेबरोबर तो उजेड कसा कमी-जास्त परत येतो त्यावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असला की घड्याळ प्रत्येक पावलाला हिसका खातं आणि त्या हिसक्यांनाच ठोके समजतं. म्हणजे मी पाय मोजायला सांगितले की ते अंदाज बांधणार आणि हृदय मोजायला सांगितलं की पाय मोजणार!

आणि वर ते लाल, पिवळे, हिरवे झोन. ते कुठून येतात? बहुतेक वेळा '२२० वजा तुमचं वय' या जुन्या ढोबळ हिशेबातून. सरासरीला ठीक आहे. पण दोन अगदी तंदुरुस्त, एकाच वयाच्या माणसांचे कमाल ठोके दहा-बाराने सहज वेगळे असू शकतात. त्यामुळे मी मजेत गप्पा मारत पळत असताना घड्याळ 'अतिश्रम! अतिश्रम!' म्हणून ओरडतं. रोज दहा हजार पावलांचा फंडाही असाच. त्याचं मूळ १९६५ सालच्या जपानमध्ये आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी तिथे पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. आकडा गोल होता, लक्षात राहिला आणि साठ वर्षांनी माझ्या मानगुटीवर बसला. रात्री पावणेबाराला ९,८६४ पावलं झाली म्हणून बाथरूम ते बाल्कनी येरझाऱ्या घालणारी मी एकटीच नसणार. हात वर करा बघू! (नको, तेही मोजलं जाईल.)

मुक्काम पोस्ट सुलतानपूर

लोणारवर एक मोठा लेख लिहायचा होता म्हणून तीन आठवडे मामाकडे गेले. लोणार सगळ्यांना माहीत असतं, सुलतानपूर नसतं. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या हायवेवर लोणारसाठी जिथून आत वळतात, ते आमचं सुलतानपूर. इथून लोणार साधारण बारा किलोमीटर. मामाचं घर, समोर कडुनिंब, मागे सोयाबीन आणि तुरीचं शेत.

गंमत मेहकरच्या पुढेच सुरू झाली. एसटीत मी खिडकीपाशी बसले होते. उतरले तेव्हा घड्याळाने मला शाबासकी दिली, 'वा! आज तुम्ही भरपूर चाललात!' तीन हजारांवर पावलं! सगळी ड्रायव्हरची आणि रस्त्यातल्या खड्ड्यांची.

दुसऱ्या दिवशी लोणारच्या रस्त्याला पळायला गेले. पुण्यात पळणाऱ्या मुलीकडे कुणी बघत नाही. इथे दर शंभर मीटरला एक बाइक हळू होते. "ताई, काई झालं का? सोडू का पुढं?" काय सांगणार? नको दादा, मी मुद्दाम पळतेय? दूधवाले काका तर थांबूनच राहिले. त्यांच्या मते इतक्या सकाळी माणूस पळतो म्हणजे एकतर एसटी चुकतेय, नाहीतर मागे कुत्रं लागलंय. पुढच्या वळणावर ते कुत्रंही लागलं. घड्याळाने त्या पन्नास मीटरांची नोंद 'आजवरचा तुमचा सर्वोत्तम वेग' अशी केली. दर वेळी कुणाला तरी उत्तर द्यायला थांबलं की घड्याळही थांबायचं आणि निघालं की ते पुन्हा सुरू व्हायचं विसरायचं. पाच किलोमीटर पळाले, नोंद झाली सव्वातीनची. नोंद नाही म्हणजे पळालेच नाही, असं वाटून तोंड पाडून घरी आले. मामाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "घड्याळाने मोजलंच नाही." मामा म्हणाला, "घाम तं आला ना?"

लोणारचं सरोवर बघितलंच पाहिजे असं आहे. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेलं जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं पाणी. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं. पण माझी फजिती झाली ती सरोवरावर नाही, मोठ्या मारुतीच्या देवळात. हा मारुती आडवा, झोपलेला आहे. त्याच्या दगडात लोहचुंबक आहे असं तिथे सांगतात. मी म्हटलं, बघू या आपल्या घड्याळातलं होकायंत्र काय म्हणतं. ते म्हणालं, 'होकायंत्र जुळवा. हात हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा.' मी फिरवला. परत फिरवला. शेजारी एक आजी हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मारुतीकडे पाहिलं, आणि अगदी भक्तिभावाने स्वतःचाही हात हवेत आठसारखा फिरवला. उत्तर दिशा कुठली ते मला अजून कळलेलं नाही.

मामीचं रेकॉर्ड

मग एके दिवशी सुचलं, घड्याळ मामीच्या हातात बांधावं. पहाटे पाचला बांधलं. साडेसहाला बघितलं तर अकराशे पावलं! मी खूश. "मामी, तू सॉलिड चाललीस!" मामी म्हणाली, "कुठं चालली बाप्पा? इथंच तं बसली. वीस भाकरी थापल्या."

मग मामी दोन हातांत दोन बादल्या घेऊन हौदापासून गोठ्यापर्यंत पाच खेपा घालून आली. दोन्ही हात स्थिर. पावलांचा आकडा जेमतेम हलला. घड्याळाला पाय दिसतच नाहीत हो! त्याला दिसतो फक्त हाताचा झोका. भाकरी थापली की तो चालणं समजतो आणि खरं ओझं उचललं की त्याच्या लेखी बाई बसूनच आहे. हे मला जरा लागलं. कारण बायकांच्या कामाचा हिशेब याच पद्धतीने करणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हातात घड्याळही नव्हतं.

मामीने पट्टा काढून माझ्या हातात दिला. "आपल्या जिल्ह्याच्या त्या लता करे पळाल्या तव्हा त्यायच्या हातात कुठं व्हतं असं काई?"

खरंय. मूळच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लता करे साठी ओलांडल्यावर बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, बक्षिसाची रक्कम हवी होती, एवढंच कारण. पुढे त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांचा हार्ट रेट कुठल्या झोनमध्ये होता, हे कुणालाही ठाऊक नाही.

छोटीचे आठशे मीटर

आता तो जपून हसायचा भाग.

माझी मामेबहीण, घरात तिला छोटी म्हणतात, पोलीस भरतीची तयारी करतेय. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर जी पोरं-पोरी पळताना दिसतात ती वजन कमी करायला पळत नाहीत. भरतीसाठी पळतात. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, त्याचे २० गुण. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी. त्याच्या पुढे जसजसे सेकंद जातात तसे गुण जातात. आणि गुणवत्ता यादीत एकेका गुणावर किती पोरं उभी असतात, ते ज्याच्या घरात भरतीचा उमेदवार आहे त्याला विचारा. मी हाफ मॅरेथॉन दहा मिनिटं उशिरा संपवली तर मेडल तेच, केळं तेच, फोटो तोच. छोटीचे सहा सेकंद म्हणजे नोकरी.

ती मळ्याकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर सराव करायची. हायवेला किलोमीटरचे दगड आहेत, पण पहाटे ट्रक असे येतात की मामा तिथे पळू देत नाही. पांदणीवर दगड नाहीत. पोरींनी पावलं टाकून ढोबळ अंतर धरलं होतं. मी आल्या आल्या छोटी म्हणाली, "ताई, तुझ्या घड्याळावर बघ ना, बरोब्बर आठशे कुठं येतात."

अहाहा! काय तो रुबाब माझा! दोन दिवस मी त्या रस्त्यावर पळाले. विहिरीच्या फाटकापासून सुरुवात, आणि दोन्ही दिवशी बाभळीच्या झाडापाशी घड्याळात ०.८० उमटलं. मी बाभळीला लाल रिबीन बांधली. "हे घे तुझं आठशे. एकदम परफेक्ट."

चौथ्या दिवशी छोटीने बाभूळ गाठली, २ मिनिटं ४९ सेकंद! आम्ही दोघी रस्त्यात नाचलो. मामीने शिरा केला. मी तिला सल्लाही दिला, "आता टायमिंग झालं, गोळाफेकीवर लक्ष दे." मास कॉमची डिग्री घेतल्यावर माणूस कुठल्याही विषयावर सल्ला देऊ शकतो. तिने ऐकलं. आठ-दहा दिवस पळण्याचा जोर कमी केला, गोळा वाढवला.

मग एका रविवारी आखलेल्या ४०० मीटर ट्रॅकवर पोरींची ट्रायल झाली. दोन फेऱ्या. छोटी आली २ मिनिटं ५७ सेकंदांत. घरी आली ती थेट आतल्या खोलीत. जेवली नाही. मी समजावायला गेले तर म्हणाली, "माझंच चुकलं ताई. मैदानावर गेलं की मी घाबरते. इथं तं बरोबर येते ना टायमिंग. घड्याळ कसं चुकंल?"

मला दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही. कारण एवढे दिवस ज्या घड्याळाच्या नावाने मी खडे फोडत होते, एसटीत चालणारं, भाकरी थापली तरी पळणारं ते घड्याळ, त्याचा आकडा तिच्या बाबतीत मी डोळे झाकून खरा मानला होता. माझं पाच किलोमीटरचं सव्वातीन झालं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या. तिचं आठशे झालं तेव्हा रिबीन बांधली. आणि आता ती घड्याळावर नाही, स्वतःवर संशय घेत होती.

चिंधी, चुना आणि तुरीचे दाणे

मामा बाहेर बाजेवर बसून ऐकत होता. म्हणाला, "रस्ता मोजला का कोनी?"

"घड्याळाने मोजला ना," मी जरा पडेल आवाजात म्हटलं.

"तसा नाई. मोजला का?"

दुसऱ्या दिवशी मामाने जुनी सायकल काढली. हवा भरली. मागच्या चाकाच्या आऱ्यांना एक जाड चिंधी अशी बांधली, की चाकाची एक फेरी झाली की ती मडगार्डवर फट्कन आपटेल. ओसरीवर शेतमोजणीची टेप पसरून चाकाच्या दहा फेऱ्या मोजल्या. २१ मीटर ९० सेंटीमीटर. म्हणजे एका फेरीला २ मीटर १९ सेंटीमीटर. कागदावर हिशेब केला. ८०० मीटरला ३६५ फेऱ्या आणि वर ६५ सेंटीमीटर. "वर्षाचे दिवस," मामा खूश होऊन म्हणाला, "ध्यानात राहते."

मग निघाली आमची मिरवणूक! मामा सायकल हातात धरून चालतोय, फट्, फट्, फट्. मी फेऱ्या मोजतेय. मामीच्या डाव्या मुठीत तुरीचे दाणे, दर दहा फेऱ्यांना एक दाणा उजव्या मुठीत. छोटी मागे, गप्प. बाभूळ आली तेव्हा मामीच्या उजव्या मुठीत ३५ दाणे होते आणि वर दोन फेऱ्या. ३५२.

मामा थांबला नाही. अजून तेरा फेऱ्या चालत गेला, रस्त्याखालच्या मोरीपाशी थांबला आणि तिथे चुन्याची रेघ मारली. मी वळून बघितलं. माझी लाल रिबीन मागे तिकडे फडफडत होती. जवळपास तीस मीटर मागे.

तीस मीटर म्हणजे छोटीचे सहा-साडेसहा सेकंद. ट्रॅकवर ती घाबरली नव्हती. ती तिथे पहिल्यांदाच पूर्ण आठशे मीटर पळाली होती.

छोटीने रेघ बघितली, बाभूळ बघितली. मला वाटलं, आता ही माझ्यावर चिडणार. चिडायलाच हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे मी घाबरट नाई ना?" आणि मग मात्र मला रडू आलं. मामी म्हणाली, "आता तू नको सुरू होऊ बाप्पा."

असं का झालं, ते मी रात्री बसून नीट वाचलं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. जागा नक्की करायला घड्याळाला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटरची चूक धरून चालायची असते, झाडांखाली त्याहून जास्त. आपण सरळ पळतो, पण घड्याळ आपल्याला एका सेकंदाला रस्त्याच्या डावीकडे धरतं, दुसऱ्याला उजवीकडे. ते ठिपके जोडले की सरळ रेघेची नागमोडी होते आणि अंतर फुगतं. उलट, वळणावळणाच्या रस्त्यावर ते कोपरे कापतं आणि अंतर घटतं. दोन-तीन टक्के इकडेतिकडे. टेकडीवर हवा खायला गेलेल्या माझ्यासारखीला काही फरक पडत नाही. आठशे मीटरला मात्र दोन टक्के म्हणजेच सोळा मीटर. आणि पांदणीवर तर दोन्ही बाजूंनी बाभळी, कडुनिंब, वर फांद्यांची कमान.

पण खरा धक्का पुढे होता. जगातल्या मोठ्या मॅरेथॉनचे रस्ते अधिकृतपणे कशाने मोजतात, माहितीये? उपग्रहाने नाही. सायकलने! पुढच्या चाकापाशी फेऱ्या मोजणारा एक छोटा काउंटर लावतात. अमेरिकेतल्या अ‍ॅलन जोन्स यांनी १९७१ च्या सुमारास तो तयार केला, म्हणून त्याला जोन्स काउंटर म्हणतात. आधी स्टीलच्या टेपने आखलेल्या अंतरावर सायकल चालवून चाकाचा हिशेब जुळवतात, मग रस्ता मोजतात. शिवाय चुकून कमी भरू नये म्हणून हजारात एक इतकं अंतर वर धरतात, पूर्ण मॅरेथॉनला ते ४२ मीटर होतं. म्हणजे चिंधी बांधून, टेपवर चाक जुळवून, आमच्या मामाने जे केलं ते जवळजवळ तेच. फरक इतकाच की तिथे तुरीचे दाणे नसतात.

सकाळी मी हे मामाला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मामा चहा बशीत ओतत म्हणाला, "मंग? दुसरं कायनं मोजतीन?"

हप्ते चालू आहेत

मी पुण्याला परत आलेय. घड्याळ विकलं का? छे हो, हप्ते चालू आहेत ना! शिवाय इतकं वाईटही नाही ते. सकाळी अंथरुणातून बाहेर काढतं, महिनाभरात मी किती वेळा पळाले आणि किती वेळा नुसतं 'उद्या नक्की' म्हणाले, ते तोंडावर सांगतं. मागच्या महिन्याच्या मानाने या महिन्यात बरं चाललंय की वाईट, हे सांगायला ते पुरेसं आहे. फक्त आता त्याचा शेरा वाचायच्या आधी मी मामाचा प्रश्न स्वतःला विचारते, घाम तं आला ना? आणि एखादा आकडा दुसऱ्याच्या हातात देण्याआधी आणखी एक प्रश्न, मोजला का? आपल्या मनगटावरचा आकडा चुकला तर आपली गंमत होते. तोच आकडा आपण 'परफेक्ट' म्हणून दुसऱ्याला दिला, की त्याची किंमत तो दुसरा मोजतो. पत्रकाराने तरी हे विसरायला नको होतं.

छोटीने रिबीन काढून केसांना बांधली आहे. आता ती मोरीवरच्या चुन्याच्या रेघेपर्यंत पळते. पावसाने रेघ पुसली तर मामा पुन्हा मारतो. गावातल्या इतर पोरीही आता तिथेच येतात, आणि हातात असतं मामाने आणलेलं दीडशे रुपयांचं स्टॉपवॉच, जे झोप कशी झाली ते विचारत नाही.

परवा सकाळी मी खुर्चीत बसून लेख लिहीत असताना तिचा मेसेज आला. "ताई, २:५२. रेघेपर्यंत. अजून दोन सेकंद काढायचेत."

मी बसल्या जागी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. एकटीच, वेड्यासारख्या.

घड्याळाने चौदा पावलं मोजली.